तातार लोककथा, मुलांची नाटकं आणि मुलींची शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलांची नाट्यशिबिरं घेते आणि दरवेळी एखादी तातार गोष्ट बसवते. मग पालक आणि शिक्षक प्रश्न विचारतात, बहुतेक तेच ते. ते इथे एकत्र केलेत.

तातार म्हणजे ते चंगेझखानाच्या फौजेतले?

इतिहासाच्या पुस्तकातल्या एका ओळीमुळे सगळ्यांचा हाच समज होतो. इथे बोलणं चाललंय ते व्होल्गा नदीकाठच्या तातारांबद्दल. रशियात मॉस्कोच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर काझान शहर आहे. ती तातारस्तान प्रजासत्ताकाची राजधानी. त्यांची भाषा तुर्की कुळातली आणि धर्म बहुतेकांचा इस्लाम. व्होल्गाकाठच्या बुल्गार राज्याने तो ९२२ साली स्वीकारला होता. १५५२ मध्ये झार इव्हानने काझान जिंकलं, आणि तेव्हापासून हा समाज रशियाच्या राज्यात अल्पसंख्य म्हणून राहिला. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे शाळांच्या बाबतीत ती फार कामाला येते. क्रिमियातले तातार वेगळे. तेही या पानावर एकदा डोकावून जातील.

मुलांच्या नाटकांचा आणि मुलींच्या शिक्षणाचा संबंध काय? दोन वेगळे विषय नाहीत का?

मलाही आधी तसंच वाटायचं. पण तातार गोष्टींत एक मुलगी सारखी भेटते. खान तिच्या घरच्यांना अशक्य हुकूम सोडतो आणि ती दोन वाक्यांत त्याची बोलती बंद करते. गावोगावी ही गोष्ट चवीने सांगितली जायची. सांगणाऱ्या बहुतेक आज्या. आणि त्याच गावात त्या आजीच्या नातीच्या हातात लेखणी द्यायची पद्धत नव्हती. हुशार मुलगी गोष्टीत चालत होती, फळ्यासमोर चालत नव्हती. पुढे ह्याच गोष्टी रंगमंचावर आल्या तेव्हा ही विसंगती लोकांना समोर उभी दिसली. माझ्या मते हे दोन विषय वेगळे काढलेच तर दोन्ही अर्धवट कळतात.

म्हणजे तातार मुलींना पूर्वी काहीच शिकवत नसत?

शिकवत असत, आणि इथेच गंमत आहे. गावच्या मुल्लाच्या बायकोला 'अबिस्ताय' म्हणत. मुलगे मशिदीजवळच्या मकतबात, म्हणजे प्राथमिक शाळेत जात आणि मुली अबिस्तायच्या घरी. तिथे अक्षरओळख, नमाज, धर्माची प्राथमिक पुस्तकं, आणि सूर लावून म्हणायचं 'यूसुफ'चं काव्य. १३व्या शतकातल्या कुल गली या कवीचं हे काव्य घरोघर असायचं आणि ते म्हणणाऱ्यांत बायका पुढे होत्या. त्यामुळे 'तातार बाई निरक्षर होती' असं सरसकट म्हणता येत नाही. अनेकींना वाचता येत होतं.

लिहिता येत नव्हतं. वाचायला शिकवायचं, पण लिहायला शिकवायचं नाही, अशी सरळ वाटणी होती.

लिहायला का नाही?

लिहिता आलं तर मुलगी चिठ्ठ्या लिहील, आणि चिठ्ठ्या कोणाला लिहील हे काय सांगायला हवं! आपल्याकडच्या पणज्यांनाही हेच कारण ऐकवलं जायचं, तेव्हा नाक मुरडण्यात अर्थ नाही. वाचणारी बाई दुसऱ्याने लिहिलेलं ऐकून घेते. लिहिणारी बाई स्वतःचं काही म्हणते. भीती त्या दुसऱ्या गोष्टीची होती. अर्थात व्यवहारही होता: हिशेब, पत्रव्यवहार, दुकानदारी ही पुरुषांची कामं, मग मुलीवर कागद कशाला खर्च करा?

मुलांच्या आणि मुलींच्या शिक्षणात नेमका फरक किती होता?

मुलाला मकतबानंतर मदरसा होता. तिथे राहायची सोय, पुढे मुल्ला किंवा शिक्षक व्हायची वाट, शिवाय काझानच्या किंवा ओरेनबुर्गच्या एखाद्या श्रीमंत व्यापाऱ्याचा पैसा मागे. मुलीची शाळा म्हणजे अबिस्तायची चूल आणि तिच्याभोवतीची जागा. फी म्हणून पीठ, सरपण, कधी थोडे पैसे. अबिस्ताय स्वतः जेवढं शिकलेली तेवढंच पुढे जाणार. आणि शिकून मुलगी होणार काय? फार तर दुसऱ्या गावची अबिस्ताय. सरकार या शाळांना पैसा देत नसे, संशयाने बघे ते वेगळंच. जे काही उभं राहायचं ते समाजाच्या खिशातून, आणि समाजाचा खिसा आधी मुलग्यांसाठी रिकामा व्हायचा.

मग बदल कोणी घडवला?

सुरुवात क्रिमियातल्या बाखचिसरायमधून झाली. इस्माईल गास्प्रिन्स्की नावाच्या संपादकाने १८८३ मध्ये 'तर्जुमान' हे वृत्तपत्र काढलं आणि पुढच्या वर्षी नव्या पद्धतीची शाळा. जुन्या पद्धतीत पोरं अक्षरांची नावं आणि स्वरचिन्हं घोकत वर्षं काढायची. ह्याने उच्चारावरून वाचायला शिकवलं आणि चाळीस दिवसांत पोरं वाचती करून दाखवली. या 'उसूल-ए-जदीद'वरून, म्हणजे 'नव्या पद्धती'वरून, सगळ्या सुधारकांना जदीदी म्हणू लागले. मुलींच्या बाजूने पाहिलं तर ह्या पद्धतीचं महत्त्व फार मोठं. मुलीला शाळेत मिळणारी वर्षं मुळात कमी. त्यात अक्षरांतच अडकून राहिलं तर पुढचं सगळं हुकायचं.

व्होल्गाकडे हे काम ज्यांनी पुढे नेलं त्यांत माझ्या लेखी पहिलं नाव मुखलिसा बूबी (१८६९–१९३७) यांचं. इझ-बूबी हे खेडं. भाऊ गब्दुल्ला आणि उबैदुल्ला यांनी तिथला मदरसा नवा केला आणि मुखलिसांनी मुलींची शाळा चालवली. दूरदूरच्या मुली तिथे येऊन राहत. भूगोल, गणित, रशियन भाषा शिकत आणि शिक्षिका होऊन बाहेर पडत. आता अबिस्तायच्या चुलीऐवजी शिकवणं हा बाईचा व्यवसाय झाला. १९११ मध्ये पोलिसांनी गावावर धाड घातली, भावांना पकडलं, मदरसा बंद केला. आरोप राजद्रोही विचारांचा. मुखलिसाबाई उरल भागातल्या त्रोइत्स्कला गेल्या आणि तिथे पुन्हा शिक्षिका घडवू लागल्या. १९१७च्या मे महिन्यात मॉस्कोला भरलेल्या मुस्लिम परिषदेने त्यांना काझी म्हणून निवडलं. बाई काझी! १९३७च्या दडपशाहीत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

काझान शहरात फातिहा आइतोवा या व्यापारी घराण्यातल्या बाईंनी १९०९ मध्ये मुलींची शाळा काढली आणि कचेऱ्यांचे उंबरे झिजवून १९१६ मध्ये तिला माध्यमिक शाळेचा दर्जा मिळवला. १९१३ मध्ये 'सुयुमबिके' हे बायकांचं नियतकालिक निघालं, काझानच्या राणीच्या नावाने. आता लेखणी हातात आली होती.

सावित्रीबाईंशी तुलना करता येईल का?

विरोधाचा सूर सारखा वाटतो, परिस्थिती मात्र फार वेगळी. पुण्यात १८४८ साली शाळा निघाली तेव्हा प्रश्न जातीचाही होता, आणि तोच सर्वात जळजळीत होता. तातारांत तो नव्हता. तिथे पेच असा की घरात सनातनी विरोध करणार, आणि दारात सरकार उभं, ज्याला मुस्लिम समाजाने स्वतःच्या भाषेत शाळा चालवणंच नको होतं. ओढूनताणून सारखेपणा काढू नये.

खरा धागा एक आहे, तो मुंबईचा. गास्प्रिन्स्की १९१२ मध्ये मुंबईला आले होते आणि आपली शिकवण्याची पद्धत इथल्या मुस्लिम शिक्षणप्रेमी मंडळींना दाखवून गेले. मुंबईच्या इतिहासाच्या गप्पांत हे क्वचितच निघतं.

तातार नाटक कधी सुरू झालं? त्यात बायका होत्या का?

पहिलं छापील तातार नाटक १८८७चं, लेखक गब्दर्रहमान इल्यासी, आणि नाव 'बिचारा किझ', म्हणजे 'बिचारी मुलगी'. विषय मुलीच्या मर्जीविरुद्ध ठरवलेलं लग्न. लगेच पुढच्या वर्षी फातिह खालिदी यांनी त्याला उत्तर म्हणून दुसरं नाटक छापलं. म्हणजे या रंगभूमीचं पहिलं भांडणच मुलीचं भलं कशात यावरून. आणि ते भांडण दोन पुरुषांचं.

लोकांसमोर तातार प्रयोग झाला तो काझानला, डिसेंबर १९०६ मध्ये. नाटकवेडी पोरं बहुतेक मदरशातली. कोंदट खोल्यांत, चोरून तालमी. आता बघा, मदरशात मुलगी नाही, म्हणून मंडळीत मुलगी नाही, म्हणून स्त्रीभूमिका मुलगेच करणार. शाळेतली वाटणी जशीच्या तशी रंगमंचावर आली. ती मोडली साहिबजमाल गिझ्झातुल्लिना-वोल्झ्स्काया यांनी. पहिली व्यावसायिक तातार नटी म्हणून त्यांचं नाव घेतात. बाईने चारचौघांत तोंड रंगवायचं म्हणजे काय ऐकून घ्यावं लागलं असेल, हे आपल्या संगीत नाटकांचा इतिहास ठाऊक असलेल्यांना सांगायला नको.

लोककथा मुलांपर्यंत आणल्या कोणी?

गोळा करण्याचं श्रेय कायूम नासिरी (१८२५–१९०२) यांना. एकटा, फटकळ, विद्वान माणूस. गोष्टी, म्हणी, कोडी जमवून छापली. पण मुलांच्या तोंडी बसवल्या त्या कवी गब्दुल्ला तुकाय यांनी. १८८६ ते १९१३, जेमतेम सत्तावीस वर्षांचं आयुष्य. लहानपणीच आईबाप गेलेले, या घरून त्या घरी असं वाढलेलं पोर. 'शूराले' हे त्यांचं काव्य १९०७चं, 'सू अनासी' (म्हणजे 'पाण्याची आई') त्यानंतरचं. शाळेसाठी वाचनपुस्तकंही त्यांनी केली आणि १९१०ला काझानमध्ये लोकवाङ्मयावर व्याख्यान दिलं.

शूरालेची गोष्ट काय आहे?

शूराले म्हणजे जंगलातलं भूत. कपाळावर एक शिंग, लांबच लांब बोटं, आणि माणसाला मारण्याची रीत अशी की गुदगुल्या करकरून जीव घ्यायचा. काझानजवळच्या किर्लाय गावचा एक तरुण रात्री लाकडं तोडायला जातो. शूराले येतं, म्हणतं, चल गुदगुल्या खेळू. तरुण म्हणतो, खेळू की, आधी हा ओंडका गाडीवर चढवायला हात लाव. त्या फटीत बोटं घाल. बोटं आत गेली की तो फटीतली पाचर ठोकून काढतो. बोटं चिमटतात. शूराले विचारतं, तुझं नाव काय? तो सांगतो, 'गेल्या-वर्षी'. सकाळी बाकीची शूराली येऊन विचारतात, कोणी रे चिमटलं तुला? हे बोंबलतं, 'गेल्या-वर्षी चिमटलं!' ती हसतात: अरे मग यंदा कशाला ओरडतोस?

फरीद यारुल्लिन यांनी यावर बॅले रचला, तो १९४५ मध्ये काझानला रंगमंचावर आला, पण ते पाहायला संगीतकार नव्हते, युद्धात गेले. मुलांच्या नाटकात मात्र ही गोष्ट दहा मिनिटांत होते. शिबिरात ओंडक्यासाठी दोन बाकं जवळ ठेवतो, वर तपकिरी चादर. बोटं म्हणजे वर्तमानपत्राच्या सुरळ्या. पाचर निघाल्यावर बाकं एकमेकांवर आपटली पाहिजेत, तो 'ठाप्' आवाज आला की समोरची पोरं श्वास रोखतात. शूरालेचं काम मुलीला द्या. दरवेळी सगळ्या मुली लाकूडतोड्याच्या भूमिकेसाठी हात वर करत नाहीत. भूत व्हायला मात्र त्यांची झुंबड असते.

मुली मध्यभागी असलेल्या तातार गोष्टी कोणत्या?

पहिली काराचाच सिलू, म्हणजे काळ्या केसांची सुंदरी. नाव रूपाचं असलं तरी गोष्ट सगळी बुद्धीची. खान तिच्या नवऱ्याला मेंढे देतो आणि फर्मावतो, यांना पिल्लं झालेली बघायची आहेत. नवरा, स्वतः मोठा हजरजबाबी म्हणून नावाजलेला, डोकं धरून बसतो. ती मेंढे खुशाल कापून खायला लावते. खान दाराशी येतो तेव्हा सांगते, धनी बाळंत होताहेत, भेटता येणार नाही. खान भडकतो: पुरुष कधी बाळंत होतो का? ती म्हणते, आणि मेंढा? ही गोष्ट कझाकांतही आहे. लोकवाङ्मयाचे संग्राहक आणि नाटककार नकी इसानबेत यांनी तिच्यावर नाटक लिहिलं. मला विचाराल तर एकच गोष्ट बसवायची असेल तर ही बसवा.

दुसरी तीन मुलींची. आई आजारी पडते, खारीकरवी लेकींना निरोप धाडते. थोरली म्हणते, भांडी घासून येते. मधली म्हणते, कापड विणून येते. एकीचं कासव होतं, दुसरीचा जाळं विणणारा कोळी. धाकटी कणीक मळत असते, ती हातही न धुता धावत सुटते. मुलांना रूपांतरं करायला फार आवडतात. एका शिबिरात एका मुलाने विचारलं, त्या आईला मुलगा नव्हता का? नाटकात ते वाक्य तसंच ठेवलं, खारीच्या तोंडी.

तिसरी झुहराची: सावत्र आईच्या कामाने पिचलेली मुलगी पाण्याला जाते, चंद्र तिला वर नेतो. आपल्याला चंद्रावर ससा दिसतो, त्यांना खांद्यावर कावड घेतलेली मुलगी.

सावत्र मुलीच्या गोष्टीतून मुली मुकाट राबायलाच शिकतात. मग ती कशाला घ्यायची?

हा आक्षेप रास्त आहे. ही गोष्ट झुहराची नव्हे, दुसरी: सावत्र मुलीला जंगलात सोडतात, तिच्या सुताचा गुंडा घरंगळत जातो, त्यामागे ती चेटकिणीच्या झोपडीत पोचते, पडेल ते काम करते. म्हातारी तिने काही चोरलंय का बघायला तिला नाचायला लावते. काही पडत नाही, म्हणून पेटी भरून धन देते. सख्खी मुलगी जाते तेव्हा नाचताना चोरलेले मोती गळतात. कामसू, गप्प, प्रामाणिक मुलगी जिंकली. बरं.

तरीही मी घेते, कुत्र्यासाठी. ती परत येताना घरचं कुत्रं भुंकत गातं: मरायला गेलेली ताई श्रीमंत होऊन येतेय, हाव हाव! सावत्र आई त्याला मारते, ते पुन्हा तेच गातं. 'चल रे भोपळ्या'सारखी ही ओळ पोरांच्या तोंडी बसते. घरात जे कोणी बोलत नाही ते कुत्रं बोलतं, मार खाऊन बोलतं. नाटकात त्याला जास्त वेळ द्या आणि पेटीला कमी. शेवटी सख्खीचा जीव जातो तो भाग सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी गाळला तरी चालतो.

सोव्हिएत काळात मुलींचं काय झालं?

शाळा सगळ्यांना सक्तीची आणि फुकट झाली, मुलीही मुलांच्या बरोबरीने गेल्या. हे निर्विवाद मोठं काम. पण एक गोष्ट त्या कौतुकात राहून जाते. तातारी अरबी लिपीत लिहिली जायची. १९२७ मध्ये लॅटिन आली, १९३९ मध्ये सिरिलिक. बारा वर्षांत दोनदा लिपी बदलली. अबिस्तायकडे वाचायला शिकलेली बाई कागदोपत्री निरक्षर ठरली. तिच्या ट्रंकेतली पुस्तकं नातीला वाचता येईनात, आणि नातीचं पुस्तक तिला. आजी-नातीत समाईक राहिल्या त्या तोंडी गोष्टी. काझानमध्ये १९३४ साली कठपुतळ्यांचं नाट्यगृह निघालं, 'एकियात' नावाचं, म्हणजे 'गोष्ट'. ह्याच गोष्टी तिथे बाहुल्यांच्या तोंडी गेल्या.

आज तातारस्तानात मुली शाळेत मागे आहेत का?

नाहीत. आजचा प्रश्न भाषेचा आहे. २०१७ पासून तिथल्या शाळांत तातारी सक्तीची राहिली नाही. पालकांनी लेखी होकार दिला तर आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं तेव्हा ठरलं. शहरातली बरीच मुलं घरीही रशियन बोलतात, त्यामुळे तातारी भाषा सलग तासभर कानावर पडण्याची जागा म्हणून मुलांच्या नाटकाला वेगळंच वजन आलंय. तुफान मिन्नुल्लिन यांचं 'गावचं कुत्रं अकबाय' हे बालनाट्य त्यासाठीच आईबाप मुलांना दाखवायला नेतात. (पुन्हा कुत्रं. तातार बालनाट्याला कुत्र्यांचं भारी प्रेम.)

काझानला गेलो तर काय बघावं?

'एकियात'ची इमारत, परीकथेतल्या किल्ल्यासारखी. गब्दुल्ला कारियेव यांच्या नावाचं तातार बाल-युवा नाट्यगृह. किर्लायमधलं तुकाय संग्रहालय. जूनमध्ये गेलात तर साबानतुय हा नांगरणी-पेरणीनंतरचा सण सापडेल. त्यात पोरं तोंडात चमचा आणि चमच्यात अंडं घेऊन पळतात; आपली लिंबू-चमचा शर्यत, फक्त पडलं की फुटतं.

वेशभूषा कशी करायची?

मुलग्यांना मखमली गोल टोपी. मुलींना कलफाक, म्हणजे मण्यांची नक्षी असलेली छोटी टोपी, एका बाजूला कललेली. वर बिनबाह्यांचं जाकीट. पुठ्ठा, जुन्या ब्लाउजचं मखमल आणि लेसची पट्टी यात भागतं. पायात रंगीत चामड्याचे तुकडे जोडलेले बूट असतात, ते नाही जमले तर मोज्यांवर कापडाचे तुकडे टाका. डोक्याला बुरखा किंवा हातात तलवार देऊ नका. हा हट्ट दर शिबिरात कोणीतरी धरतं.

प्रयोगाला कोणाची परवानगी लागते का?

लोककथांना नाही. तुकाय जाऊन शंभरावर वर्षं झाली, त्यामुळे मूळ कविता मोकळ्या आहेत, पण तुम्ही वापरत असलेला रशियन, हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद अलीकडचा असेल तर अनुवादकाचा हक्क राहतो. म्हणून गोष्ट समजून घ्या आणि संवाद स्वतः लिहा. इसानबेत १९९२ मध्ये गेले आणि मिन्नुल्लिन २०१२ मध्ये. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क चालतो, तेव्हा त्यांची नाटकं वारसांना विचारल्याशिवाय घेऊ नका. काराचाचची मेंढ्यांची गोष्ट मात्र लोकांचीच आहे, ती बिनधास्त उचला.